खाडीच्या मुखाशी, खाडीच्या टोकाशी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणचा नकाशा समोर धरला, तर जुन्या गावांच्या जोड्या चटकन लक्षात येतात. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, तर आत महाड. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, तर आत चिपळूण. अर्जुनेच्या खाडीवर मुखाशी जैतापूर आणि आत राजापूर. मोठी गलबते मुखाशी थांबत, माल होड्यांतून भरतीच्या पाण्याबरोबर वर जाई आणि तिथून बैलांच्या पाठीवरून घाट चढे. पुढे मुंबई–गोवा महामार्ग झाला तो आतल्या गावांना जोडत. आगबोटीही बंद पडल्या, आणि मुखावरची गावे वाटेवरून बाजूला पडली.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग, म्हणजे प्रमुख राज्य मार्ग क्रमांक 4, याच मागे पडलेल्या गावांना पुन्हा एका दोरीत ओवतो. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून त्याची चर्चा आहे. इतकी वर्षे तो अखंड झाला नाही, याचे मुख्य कारण खाड्या. मुखाशी पात्र रुंद असते आणि भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त असतो, त्यामुळे तिथला पूल खर्चाचा आणि कष्टाचा. म्हणूनच दिघी–आगरदांडा, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा ठिकाणी फेरीबोटी वाहनांना पलीकडे नेऊ लागल्या.

दाभोळला धक्क्याकडे उतरताना आदिलशाही काळातील काळ्या दगडाची मशीद लागते. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने जाळलेले हे बंदर एके काळी दख्खनच्या व्यापाराचे दार होते, हे आज बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला सांगावे लागते. तरीही त्याला तिथे थांबावे लागते, म्हणून मशीद निदान दिसते तरी.

पूल झाले की थांबणे संपेल. ते व्हायलाच हवेत. आजारी माणसाला रात्री शेवटची बोट गेल्यावर काय करावे लागते, हे खाडीकाठच्यांना विचारावे. माझा आक्षेप पुलाला नाही, या मार्गावरच्या गावांतील रस्त्यांच्या रुंदीकरणाच्या सरधोपट पद्धतीला आहे. रेवदंड्याचे उदाहरण घ्या. पोर्तुगिजांच्या तटबंदीच्या आतच गाव वसलेले, रस्त्यालगत चिऱ्याचे गडगे, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. इथे रस्ता चार हात वाढवायचा तर कोणाचे तरी अंगण, कोणाची तरी विहीर किंवा तटाचा एखादा भाग जाणारच. शेजारच्या चौलला 1469 साली रशियाचा व्यापारी प्रवासी अफानासी निकितीन उतरला होता. त्या परिसरात जमिनीखाली काय दडले आहे, हे खणण्याआधी पाहिलेले बरे.

तेव्हा अवजड वाहतुकीची वाट गावाबाहेरून काढावी, जुना रस्ता आहे त्याच रुंदीचा ठेवून गावाकडे सोपवावा आणि पूल झाल्यावरही धक्के मोडीत काढू नयेत. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला लांबच्या पुलाचा वळसा परवडणारा नाही.