छप्पर कुणाच्या पैशानं?

[दृश्य : मक्याची सपाट शेतं. मग एक दगडी इमारत.]

अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा वायव्य कोपरा. नजर पोचेल तिथवर सपाट जमीन, मका आणि सोयाबीन. एके काळी इथं नुसती दलदल होती. लोकांनी चर खणले, पाणी काढून दिलं, तेव्हा कुठं शेतं झाली. त्या शेतांच्या मधोमध व्हॅन वर्ट नावाचं गाव आणि गावात ही इमारत. दगडी भिंती, गोल बुरूज, लाल कौलं. नवख्या माणसाला कुण्या सरदाराची गढी वाटावी. आहे मात्र सार्वजनिक वाचनालय. ब्रमबॅक लायब्ररी, 1 जानेवारी 1901 ला लोकांसाठी उघडलेली.

जॉन सॅनफर्ड ब्रमबॅक इथले व्यापारी आणि बँकवाले. 1897 मध्ये वारले. मृत्युपत्रात वाचनालयाच्या इमारतीसाठी पैसे ठेवून गेले, पण एक मेख मारून. इमारत आमच्या पैशातून होईल, चालवायची मात्र काउंटीनं, करातून. एकट्या गावानं नव्हे, आसपासच्या खेड्यापाड्यांसकट सगळ्या काउंटीनं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण ही वस्तीनं आपल्या तालुक्याहूनही लहान. असा कर लावायला कायद्यात जागा नव्हती. 1898 मध्ये ओहायोच्या विधिमंडळानं ती करून दिली. करावर चालणारं अमेरिकेतलं पहिलं काउंटी वाचनालय म्हणून आज याचंच नाव घेतात.

इमारत देणगीदाराची, रोजचा खर्च लोकांचा. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगींनीही हीच वाटणी ठेवली, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. त्यांच्या पैशातून एकट्या अमेरिकेत सतराशेच्या आसपास वाचनालयं उभी राहिली. अट ठरलेली : जागा गावानं द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी करातून उभी करायची. दहा हजार डॉलर मिळाले, तर वर्षाला हजार. त्या हजारात ग्रंथपालाचा पगार, पुस्तकं, दिवाबत्ती, कोळसा. सत्तर-ऐंशी वर्षांनी छप्पर गळायला लागलं तर पैसा कुणी घालायचा, याचा त्या हिशेबात कुठं पत्ताच नाही. खरी गोम इथंच आहे. पुस्तकांना पैसे देणारे भेटतात, नव्या इमारतीच्या फितीला कात्री लावायलाही माणसं येतात. जुन्या इमारतीच्या डागडुजीला वाली नसतो.

[दृश्य : जुन्या वाचनालयाच्या पायऱ्या, खालून वर.]

या पायऱ्या बघा. त्या काळातल्या बऱ्याच वाचनालयांची ठेवण अशीच. खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर, वर वाचनाची खोली, आणि समोर रुबाबदार पायऱ्या. 1990 मध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. आता चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला या दारातून आत जाता आलं पाहिजे. मग उतार बांधा, त्यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण नियम सांगतो, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. दार जमिनीपासून पाच फूट वर असेल, तर साठ फुटांचा उतार, आणि मध्ये दम खायला सपाट टप्पा, तो वेगळा. गावच्या चौकातल्या इमारतीपुढं एवढी जागा असते कुठं?

म्हणजे लिफ्ट आली. लिफ्टसाठी जमीन फोडायची. फोडायला घेतली की जुन्या पाइपांच्या वेष्टणात अॅस्बेस्टॉस सापडतो, फुप्फुसाला घातक असं तंतूंचं खनिज. तो साध्या मजुराला काढू देत नाहीत, परवानाधारक ठेकेदार लागतो. मग इलेक्ट्रिशियन सांगतो, ही वायरिंग लिफ्टचा भार घेणार नाही. आर्किटेक्टचं अंदाजपत्रक दर बैठकीला फुगत जातं. काउंटीचे तीन-पाच निवडून आलेले सदस्य टेबलाभोवती बसलेले असतात, आणि त्याच टेबलावर रस्ते, पूल, तुरुंग आणि शेरीफची गाडी हेही विषय असतात. वाचनालय कितव्या नंबरावर येतं, ते सांगायला नको.

[दृश्य : वॉशिंग्टन, संसद भवन.]

दिल्लीकडं बघावं तसं मग वॉशिंग्टनकडं बघायचं. तिथं 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी ग्रंथालय सेवा कायद्यावर सही केली. दहा हजारांहून कमी वस्तीच्या भागांसाठी केंद्राचा पैसा पहिल्यांदा आला. त्यातून पुस्तकं घ्या, पगार द्या, फिरतं वाचनालय काढा. फक्त जागा किंवा इमारत यांना हात लावायचा नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी नवा कायदा आणला, तेव्हा त्याच्या नावातच बांधकाम हा शब्द आला आणि ही दारं उघडली. 1996 मध्ये पुन्हा नवा कायदा आला. त्यात भर संगणकावर, तंत्रज्ञानावर, बांधकाम गळालं. म्हणजे या वाटेनं इमारतीला पैसा मिळाला तो जेमतेम तीसेक वर्षं.

आज मिळतो तो तुकड्यातुकड्यानं. गंमत म्हणजे, मदत करणाऱ्यांत कृषी खातंही आहे. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना दवाखाना, अग्निशमन केंद्र, वाचनालय अशा इमारतींसाठी ते कर्ज देतं, गरीब गाव असेल तर थोडं अनुदानही. राज्यांचं आपापलं निराळं. कॅलिफोर्नियानं 2021 मध्ये वाचनालयांच्या इमारतींसाठी सुमारे 44 कोटी डॉलर बाजूला काढले. गळती, वायरिंग, आगीपासून बचाव अशी कामं आधी, आणि गरीब भाग आधी. अटही होती : तुम्ही एक डॉलर घाला, आम्ही एक घालतो. ज्यांना झेपत नाही त्यांना सवलत.

काही तुमचे, काही आमचे, ही रीत मराठी माणसाला नवी नाही. 1910 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. संस्थानात गावोगाव वाचनालयं निघाली ती तीन वाट्यांवर : एक वाटा गावकऱ्यांनी जमवायचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. गाव एक पाऊल पुढं आलं की सरकार येणारच, हे पक्कं. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात मात्र वाचनालयासाठी वेगळा कर नाही. आपली खेड्यातली वाचनालयं सरकारी अनुदानाच्या हप्त्याकडं डोळे लावून बसतात, आणि त्या हप्त्यात भिंतीचा ओलावा बसत नाही.

[दृश्य : ओरेगॉन. देवदारांचे डोंगर, लाकडाचे ट्रक.]

पण वेगळा कर लावायचा म्हटलं की मतदाराला विचारावं लागतं. आणि मतदार नाही म्हणू शकतो.

ओरेगॉन राज्यातली डग्लस काउंटी. आकारानं आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठी, माणसं सव्वा लाखाच्या आत. इथल्या जंगलांचा मोठा भाग केंद्र सरकारचा. 1937 च्या कायद्यानं त्यातल्या लाकडाच्या विक्रीचा वाटा काउंटीला मिळायचा, आणि हा वाटा सगळ्यांत जास्त डग्लसला. कित्येक वर्षं चंगळ होती. मालमत्ता कर कमी ठेवूनही रस्ते झाले, दहा शाखांसकट वाचनालयं झाली. 1990 मध्ये तिथल्या जुन्या जंगलात राहणारं ठिपकेदार घुबड संकटग्रस्त ठरलं, त्या जंगलाची तोड आवरली, लाकूड कापायच्या गिरण्या बंद पडत गेल्या. लाकडाचा पैसा आटला. केंद्रानं भरपाई दिली, तीही पुढं घटत गेली.

नोव्हेंबर 2016 मध्ये मतपत्रिकेवर प्रश्न आला. वाचनालयासाठी वेगळा कर : मालमत्तेच्या दर हजार डॉलर किमतीवर 44 सेंट. करासाठी दीड लाख डॉलर किंमत धरलेलं घर असेल, तर वर्षाला 66 डॉलर. मतदारांनी तो फेटाळला. त्यांना वाचनाचा तिटकारा होता, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. गिरणी गेलेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या घरात 66 डॉलर मोजूनच खर्च होतात. शिवाय आजवर जे जंगलाच्या पैशात होत होतं, त्याचे आता आपल्याकडून का, हा सवाल होताच. पण परिणाम व्हायचा तो झाला. 2017 च्या वसंतात आधी शाखा बंद झाल्या, मे अखेरीस रोझबर्ग या काउंटीच्या मुख्य शहरातलं मुख्य वाचनालय. छप्पर शाबूत, कपाटं भरलेली, दाराला कुलूप.

[दृश्य : रोझबर्ग वाचनालय, आतून.]

उघडलं ते 2018 संपता संपता. इमारत शहरानं घेतली. एवढी मोठी जागा एकट्यानं सांभाळणं शहरालाही जड, म्हणून तिथल्या ‘शिक्षण सेवा जिल्हा’ या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेला सोबत घेतलं. त्यांची कार्यालयं आणि वाचनालय एकाच छपराखाली आले. नूतनीकरणाला फोर्ड फॅमिली फाउंडेशन या स्थानिक संस्थेनं हात दिला. हा पैसाही लाकडाच्याच धंद्यातून आलेला. काही शाखा त्यांच्या त्यांच्या गावांनी, स्वयंसेवकांच्या भरवशावर, पुन्हा सुरू केल्या.

फक्त आता रोझबर्गचं वाचनालय काउंटीचं राहिलेलं नाही, शहराचं आहे. शहरात राहणाऱ्याला कार्ड फुकट. हद्दीपलीकडच्या मळ्यातून येणाऱ्याला वर्षाची वर्गणी भरावी लागते.