दार लावलेली खोली

माझ्यासमोरची ही निळ्या पुठ्ठ्याची वही जळगावात शिकणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका छोट्या प्रार्थनागटाची आहे. तिच्या प्रत्येक पानावर पट्टीने तीन रकाने आखलेले आहेत: प्रार्थनेचा विषय, मागितल्याची तारीख आणि उत्तर मिळाल्याची तारीख. पहिल्या रकान्यात सेमिस्टरची परीक्षा आहे, अडकलेली शिष्यवृत्ती आहे, बहिणीचे ठरत नसलेले लग्न आहे, वडिलांचे दारूचे व्यसन आहे आणि ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले आईवडील सुखरूप परतावेत अशी विनंतीही आहे. तिसरा रकाना पुष्कळ ठिकाणी भरलेला आहे आणि पुष्कळ ठिकाणी कोरा राहिला आहे. विद्यार्थ्यांमध्ये सेवा करणाऱ्यांनी या कोऱ्या जागांपाशी अधिक वेळ थांबले पाहिजे, असे मला मनापासून वाटते, कारण त्यांपैकी एक जागा माझी आहे.

माझे गाव नवापूर तालुक्यात आहे. सुरतहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी गावे जोडत जळगावला पोहोचतो, आणि याच मार्गाने आमच्या भागातील मुले पत्र्याची पेटी व घरचे पीठ घेऊन शिकायला येतात. कोणी मावची असतो, कोणी भिल्ल, कोणी पावरा. धुळे आणि चोपड्याकडील मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनरींनी पश्चिम खान्देशात ज्या मंडळ्या स्थापन केल्या, त्यांतच यांपैकी अनेकांचे आजी-आजोबा वाढले. गावात रविवारची उपासना, पाळकसाहेब आणि ओळखीची गाणी असतात. शहरात मात्र वर्गातील साठ-सत्तर मुलांमध्ये ख्रिस्ती विद्यार्थी एखादाच असतो, आणि त्याची श्रद्धा ही घरातून मिळालेली सवय आहे की त्याचा स्वतःचा विश्वास आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्यांदाच उभा राहतो.

भारतात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे संघटित काम जुने आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटची सुरुवात 1912 मध्ये झाली, तर युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियाची 1954 मध्ये. अशा कामात विद्यार्थीच विद्यार्थ्यांना सांभाळतात, तेच वचनाचा अभ्यास घेतात आणि प्रार्थनाही तेच चालवतात. त्यामुळे एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला देव कसा आहे हे सांगत असतो. या कामाचे सारे बळ यातच आहे, आणि ज्या धोक्याविषयी मी पुढे बोलणार आहे तोही यातूनच निर्माण होतो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या वडिलांना सुरतच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. गटाने तीन दिवस उपवास-प्रार्थना केली. शेवटच्या रात्री, ज्याच्या शब्दाला आम्ही सर्वजण मान देत असू अशा एका मोठ्या विद्यार्थ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, की देवाने ऐकले आहे, तुझे वडील चालत घरी येतील. मी त्या वाक्यावर पूर्ण विसंबलो आणि गावी जाणे दोन दिवस पुढे ढकलले. वडील घरी आले ते रुग्णवाहिकेतून, आणि त्यांच्या दफनविधीनंतर आठवड्याभराने, मला धीर देण्याच्याच हेतूने, त्याच विद्यार्थ्याने म्हटले, की कदाचित आपल्यापैकी कोणाचा तरी विश्वास कमी पडला असावा. त्याच्या मनात माझ्याविषयी काहीही वाईट नव्हते, हे मी आज जाणतो. पण त्या एका वाक्याने वडिलांच्या मृत्यूचा भार वीस वर्षांच्या मुलाच्या माथ्यावर ठेवला होता. पुढचे चार महिने मी गटाच्या प्रार्थनेच्या खोलीत पाऊल टाकले नाही.

त्या काळात आमच्या गटातील एक ताई, जी परिचारिकेचे शिक्षण घेत होती, एका रविवारी पॅसेंजरने आमच्या गावी आली. तिने माझ्या आईशेजारी ओट्यावर बसून तिच्यासोबत तूर निवडली, आणि निघण्यापूर्वी मला विचारून स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. दुःखाने सुरू होणारी बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, पण हे स्तोत्र वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे अंधाराच्या उल्लेखावर संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून जपलेले आहे. ताईने पुस्तक मिटले आणि त्यावर एक शब्दही अधिक न बोलता ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. देवापुढे असेही बोलता येते, आणि असे बोलणारा मनुष्य विश्वासातून ढळलेला नसतो, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली.

पवित्र शास्त्र या बाबतीत आमच्यापेक्षा फार प्रामाणिक आहे. आपल्या देहातील काटा निघून जावा म्हणून प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, आणि कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर त्याला मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे कोणी म्हणेल काय? गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि तोच प्याला दुसऱ्या दिवशी त्याला प्यावा लागला. संदेष्टा हबक्कूक तर अंजिराला फुलोरा नाही, शेतात पीक नाही, वाड्यात गुरे नाहीत, असा सगळा हिशेब मांडून मग परमेश्वराच्या ठायी आनंद करण्याची भाषा बोलतो. बोंडअळीने गेलेला कापूस आणि गारपिटीने एका रात्रीत आडवी झालेली केळी ज्यांनी आपल्या बांधावर उभे राहून पाहिली आहेत, त्या खान्देशातील मुलांना हा उतारा समजावून सांगावा लागत नाही.

मागू नये, असे मात्र यातून कोणी समजू नये. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे, आणि भाकरीइतकी साधी गोष्ट मागायला ज्याने शिकवले त्याच्याकडे परीक्षेचा निकाल किंवा शिष्यवृत्ती मागण्यात काहीच कमीपणा नाही. परंतु त्याच प्रार्थनेत भाकरीच्या आधी पित्याची इच्छा येते, आणि सर्वांत आधी 'पित्या' ही हाक येते. ही हाक ज्याला खरोखर मारता आली, त्याचे मागणे लहान असो वा मोठे, ते मुलाचे मागणे राहते; तिच्याविना तीच प्रार्थना अर्ज होते, आणि मग अर्ज नामंजूर का झाला याची कारणे माणूस स्वतःत किंवा शेजाऱ्यात शोधू लागतो.

या हाकेची भाषा कोणती असावी, याचाही आमच्या गटात पुष्कळ विचार झाला आहे. नवीन मुले पाळकसाहेबांकडून ऐकलेल्या ग्रांथिक मराठीत प्रार्थना करतात, आणि एखादा शब्द चुकला की अडखळून थांबतात. एका संध्याकाळी धुळ्याकडील एक मुलगी, आईच्या शस्त्रक्रियेसाठी प्रार्थना करता करता, अचानक अहिराणीत बोलू लागली: "देवा, मनी मायले सांभाय." त्यानंतर कितीतरी वेळ खोलीत कोणी बोलले नाही. गेथशेमानेत प्रभूने मारलेली 'अब्बा' ही हाकही त्याच्या अरामी मातृभाषेतील होती, आणि ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या शुभवर्तमानकार मार्काने ती तशीच ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकजण आपापल्या घरच्या बोलीत प्रार्थना करतो. मावची सर्वांना समजत नाही, पण 'आमेन' सर्वजण म्हणतात.

आता एक जुना प्रसंग सांगतो, कारण तो आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. 1806 च्या ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी शेतात जमले असताना वादळ आले, आणि त्यांनी आपल्याकडे कडब्याची असते तशा वाळल्या गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून आशिया खंडासाठी प्रार्थना केली. त्या प्रेरणेतून 1810 मध्ये अमेरिकेत परदेशी मिशनचे पहिले मंडळ स्थापन झाले, आणि त्या मंडळाने पाठवलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता, तरी ते टिकले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. याच मिशनचा मराठी नवा करार 1826 मध्ये छापून प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी हॉल यांना नाशिक भागातील प्रवासात पटकीने मृत्यू आला.

गंजीपाशी बसलेल्या त्या पाचांचे काय झाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांचा अग्रणी सॅम्युएल मिल्स आशियात कधी आलाच नाही. 1818 मध्ये आफ्रिकेहून परतताना तो समुद्रात मरण पावला. पाचांपैकी एकटे जेम्स रिचर्ड्स आशियात, सिलोनला पोहोचले. त्यांनी आमच्यासारखी वही ठेवली असती, तर मिल्सच्या नावापुढचा तिसरा रकाना बहुधा कोराच राहिला असता, आणि तरीही ज्या भाषेचे नावही त्याने कदाचित ऐकले नसेल, त्या भाषेत आज संध्याकाळी या खोलीत नवा करार उघडला जात आहे.

पुढे मी स्वतः गट चालवू लागलो तेव्हा एक मुलगा तिसऱ्यांदा गणितात नापास होऊन माझ्यापाशी आला. विश्वासाविषयीचे ते जुने वाक्य माझ्याही ओठांवर आले होते, आणि मी ते गिळले, याबद्दल मी देवाचे आजही आभार मानतो. आम्ही प्रथम प्रार्थना केली आणि मग त्याच्यासाठी शिकवणीची व्यवस्था केली. गटात आता एक नियम पाळला जातो: देवाच्या नावाने कोणीही कोणाला निकालाचे आश्वासन द्यायचे नाही, आणि ज्याचे उत्तर आले नाही त्याला एकटे सोडायचे नाही. ज्याच्या विषयापुढची जागा कोरी आहे, त्याच्या घरी वर्षातून एकदा तरी कोणीतरी जाऊन येते. गेल्या उन्हाळ्यात दोघेजण धडगावच्या डोंगरातील एका पाड्यावर जाऊन आले.

संध्याकाळचे सात वाजले आहेत. दाराबाहेर चपलांचे नऊ जोड आहेत, पंखा बंद केला आहे कारण त्याच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, आणि वही मांडीवर घेऊन बसलेली मुलगी पाने मागे उलटत जुने विषय एकेक करून वाचत आहे. माझ्या वडिलांचे नाव असलेल्या ओळीपाशी ती क्षणभर थांबते आणि माझ्याकडे पाहते. मी मान हलवतो. ती ते नाव मोठ्याने वाचते, माझ्या आईसाठी प्रार्थना करू या असे म्हणते, आणि उठून दार लावून घेते.