पैसा कोणाचा, प्रश्न कोणाचा : सायबर सुरक्षेतील अनुदानित पीएचडी

प्रवासाच्या किंवा प्रवेशाच्या साध्या प्लास्टिकच्या कार्डांत बसवली जाणारी मायफेअर क्लासिक नावाची एक चिप आहे. अनेक देशांत बस आणि मेट्रोची तिकिटे, तसेच कार्यालयांची दारे, या चिपच्या भरवशावर चालत होती. २००८ साली नेदरलँड्समधील नाइमेखन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या सुरक्षेतील उणिवा उघड केल्या, तेव्हा चिप बनवणारी एनएक्सपी ही कंपनी शोधनिबंधाचे प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालयात गेली. आर्नहेमच्या न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन बंदी नाकारली आणि निबंध प्रसिद्ध झाला.

पाच वर्षांनी याच विद्यापीठातील दोघे आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी मोटारींच्या चोरीरोधक यंत्रणेत बसवलेल्या मेगामोस क्रिप्टो या चिपचा अभ्यास केला. या वेळी फोक्सवॅगनसह अर्जदारांची बाजू ऐकून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्रकाशनाला मनाई केली. अखेर एक वाक्य वगळून निबंध बाहेर आला तो २०१५ मध्ये. लेखकांपैकी रूल व्हर्डुल्ट हे त्या काळात पीएचडी करत होते. ज्या पदवीला मुळात तीन-चार वर्षे मिळतात, तिच्यातील महत्त्वाचा निबंध दोन वर्षे न्यायालयाच्या आदेशाखाली अडकून राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

सायबर सुरक्षेतील संशोधनाचे हे वेगळेपण आहे. येथे अभ्यासाची वस्तू बहुतेक वेळा कोणाच्या तरी मालकीची असते, आणि तिच्यातील दोष उघड होणे कोणाच्या तरी गैरसोयीचे असते. म्हणून अनुदानित पीएचडीची जाहिरात वाचताना दरमहा किती रक्कम मिळणार एवढेच पाहून चालत नाही. ती रक्कम कोण देणार, कशासाठी देणार आणि निष्कर्षांवर कोणाचा किती अधिकार राहणार, हे आधी पाहावे लागते.

सर्वांत मोकळा मार्ग सार्वजनिक निधीचा. ब्रिटनमध्ये ईपीएसआरसी या संशोधन परिषदेने २०१३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि लंडन विद्यापीठाचे रॉयल हॉलोवे महाविद्यालय या दोन ठिकाणी सायबर सुरक्षेची डॉक्टरेट प्रशिक्षण केंद्रे सुरू केली. अशा केंद्रांत विद्यार्थ्यांची तुकडी एकत्र प्रवेश घेते, आरंभीचा काळ अभ्यासक्रमात आणि छोट्या प्रकल्पांत जातो, आणि प्रबंधाचा विषय त्यानंतर ठरतो. गणित, कायदा, मानसशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांतून आलेल्यांना या रचनेचा विशेष उपयोग होतो. कारण पासवर्ड माणसे का विसरतात हा प्रश्नही या क्षेत्रात सांकेतिक लेखनाच्या गणिताइतकाच गंभीर मानला जातो. ब्रिटनच्या संशोधन परिषदांनी ठरवलेले किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होते. परदेशी विद्यार्थीही अर्ज करू शकतात, परंतु एका निधीतून प्रवेश घेणाऱ्यांत त्यांचे प्रमाण साधारणपणे ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित असते. शिवाय स्थानिक आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातील फरकाची तरतूद विद्यापीठ करते का, हेही तपासावे लागते.

जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये चित्र निराळे दिसते. तेथे पीएचडी करणारी व्यक्ती बहुधा विद्यार्थी नसून पगारदार कर्मचारी असते; तिला करारपत्र, सुट्ट्या आणि सामाजिक सुरक्षेचे लाभ मिळतात. सारब्रुकेनचे सिस्पा हे संशोधन केंद्र, किंवा बोखुम येथील माक्स प्लांक संस्था आणि रुर विद्यापीठ, ही या विषयातील मोठी ठिकाणे. अशा जागा नोकरीच्या जाहिरातींसारख्या वर्षभर केव्हाही निघतात. त्यामुळे प्रवेशाच्या एका ठरावीक हंगामाची वाट पाहणाऱ्या उमेदवाराच्या हातून त्या निसटतात. प्राध्यापकाला मिळालेल्या मोठ्या निधीतूनही अशी पदे निर्माण होतात. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटींनी जगभरच्या संगणक कंपन्यांची झोप उडवली, तेव्हा त्या शोधामागील गटांपैकी एक ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाचा होता. तेथील संशोधनाला युरोपीय संशोधन परिषदेचा निधी होता आणि लेखकांत पीएचडीचे विद्यार्थी होते. तेव्हा प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेतून होणाऱ्या माहितीच्या गळतीसारख्या, कोणत्याही एका कंपनीची तातडीची गरज नसलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा, तर सार्वजनिक पैशाला तोड नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

युरोपीय संघाच्या मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी योजनेतील डॉक्टरेट जाळी हा आणखी एक पर्याय. अनेक विद्यापीठे आणि उद्योग मिळून एक विषय घेतात आणि त्यातील प्रत्येक पदावर एक संशोधक नेमला जातो. येथे राष्ट्रीयत्वाची अट नसते, पण स्थलांतराची असते : नियुक्तीपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य किंवा मुख्य कामकाज केलेले नसावे. एरवी पात्र असलेले उमेदवार या एका अटीवर बाद होतात. दुसरी अडचण कालावधीची. निधी बहुधा ३६ महिन्यांचा असतो, आणि अनेक देशांत प्रबंध पुरा व्हायला चार वर्षे लागतात. चौथ्या वर्षाचे काय, हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यास कचरू नये.

अमेरिकेत प्रवेश सामान्यतः विभागाला मिळतो, प्रकल्पाला नव्हे, आणि शुल्कमाफी व विद्यावेतन अध्यापन सहायक किंवा संशोधन सहायक म्हणून केलेल्या कामाच्या मोबदल्यात येते. सायबरकोर ही तेथील सरकारी शिष्यवृत्ती केवळ नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. तिच्या बदल्यात सरकारी सेवा करावी लागते.

उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या जागांबद्दल उगाच संशय बाळगण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष हल्ल्यांची माहिती आणि खरीखुरी यंत्रणा कंपनीकडेच असते, आणि ती हाताळायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र करारातील प्रकाशनाचे कलम शब्दशः वाचावे. प्रकाशनापूर्वी मसुदा पाहण्यासाठी कंपनीने काही आठवडे मागणे हे रास्त आहे. प्रकाशन नाकारण्याचा अधिकार मागणे ही वेगळी बाब आहे. संरक्षण किंवा गुप्तचर यंत्रणांच्या निधीत राष्ट्रीयत्वाची आणि पार्श्वभूमीच्या छाननीची अट असू शकते. अशा जागांसाठी अर्ज लिहिण्यात वेळ घालवण्यापूर्वी पात्रता पाहून घ्यावी.

अर्जाविषयी एक गैरसमज दिसतो. हॅकिंगच्या स्पर्धांतील यश आणि व्यावसायिक प्रमाणपत्रांची यादी कौशल्य दाखवते, संशोधनाची दृष्टी नव्हे. निवड करणारा मार्गदर्शक हे पाहतो की उमेदवाराने त्याच्या गटाचे अलीकडचे निबंध वाचले आहेत का, आणि त्यांत न सुटलेला एखादा प्रश्न त्याला नेमका मांडता येतो का. दोन पानांचा असा प्रस्ताव सर्वत्र पाठवलेल्या शंभर सारख्या पत्रांहून अधिक काम करतो. त्याबरोबर नीतिमत्तेचे भानही दिसावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात मुद्दाम सदोष बदल पाठवून तपासणी करणाऱ्यांची परीक्षा घेतली होती; त्या वादातून २०२१ मध्ये त्या विद्यापीठाच्या योगदानावर बंदी घालण्यात आली आणि संशोधकांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. माणसांना न विचारता त्यांच्यावर प्रयोग झाला होता, असा तेथील आक्षेप होता.

जागा मिळाल्याचे पत्र आले की त्या गटातील सध्याच्या विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शक समोर नसताना, बोलावे. निबंधाला कधी परवानगी नाकारली गेली का, परिषदांच्या प्रवासाचा खर्च कोण देते, सरासरी किती वर्षे लागतात, हे त्यांच्याकडूनच कळते. मार्गदर्शक विद्यापीठ सोडून गेला तर निधी विद्यार्थ्याकडे राहतो की त्याच्याबरोबर जातो, हे मात्र विद्यापीठाकडून, सहीपूर्वी आणि लेखी विचारून घ्यावे.