पदवीला आहात आणि परिषदेत पेपर वाचायचाय? मग हे आधी ऐका

नमस्कार!

पेपरचा गोषवारा, म्हणजे थोडक्यातला सारांश, परिषदेने स्वीकारल्याचा मेल आला, दोन दिवस आनंदात गेले, आणि आता पोटात गोळा आलाय. बरोबर? विषय इतिहासाचा असेल, साहित्याचा असेल, तत्त्वज्ञानाचा असेल. समोर प्राध्यापक बसणार, पीएच.डी. करणारे बसणार, आणि तुम्ही अजून पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला.

आज मी एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवणार आहे. आपण किती वाचलंय हे सांगायला तिथे जाऊ नका. एक पुरावा घेऊन जा आणि त्यात तुम्हाला जे दिसलं ते समोरच्यांना दाखवा. स्लाइडचा रंग, आवाजाची पट्टी, हातवारे वगैरे सगळं त्यानंतर. खरं सांगायचं तर त्यावर मी बोलणारच नाहीये, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत.

आधी एक छोटी पार्श्वभूमी. आपली नेमकी अडचण तिथे दडलेली आहे.

पदवीच्या मुलांनी स्वतः संशोधन करावं, हा विचार आज ज्या रूपात दिसतो तो वाढला मुख्यतः विज्ञानशाखांच्या अंगणात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सामील करून घेणारी योजना सुरू केली. १९७८ मध्ये अमेरिकेत पदवीस्तरीय संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली, ती रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी उभी केली. खास पदवीच्या विद्यार्थ्यांची पहिली राष्ट्रीय परिषद तिथे १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला भरली. ब्रिटनमध्ये अशी परिषद २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये कतारमधल्या दोह्याला जागतिक पातळीवरचं संमेलनही झालं. आज या सगळ्या मंचांवर आपल्या विषयांना जागा आहे. पण साचा प्रयोगशाळेचा आहे.

म्हणजे काय? प्रयोगशाळेत विद्यार्थी एका चालू कामात शिरतो. प्रश्न सरांचा किंवा मॅडमचा असतो, उपकरणं तयार असतात, त्यातला एक तुकडा याच्या वाट्याला येतो. पोस्टरवर पाच-सहा नावं असतात आणि त्यात शेवटून दुसरं याचं. यात कमीपणा काहीच नाही, त्या शाखांचं काम तसंच चालतं. आपल्याकडे मात्र निबंधावर नाव एकाचंच. प्रश्न कुणी हातात देत नाही, तो स्वतःच शोधावा लागतो. आणि प्रश्न सापडला नाही की माणूस आढाव्याकडे वळतो.

मग शीर्षकं कशी येतात बघा. ‘अमुक लेखिकेच्या कादंबऱ्यांतील स्त्रीजीवन : एक अभ्यास’. ‘तमुक काळातील समाज : एक दृष्टिक्षेप’. अशा पेपरमध्ये चूक काहीच सापडत नाही, कारण त्यात कुणी वाद घालावा असं विधानच नसतं. सत्राध्यक्ष म्हणतात, छान, खूप मेहनत घेतली आहे. आणि प्रश्न एकही येत नाही. प्रश्न आला नाही म्हणून सुटलो असं वाटून घेऊ नका. आपण बोललो त्यात कुणाला हात घालावासा वाटला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक उदाहरण घेऊ आणि जरा जवळून बघू.

[स्क्रीनवर: जुन्या नोंदवहीचं एक पान]

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मन्सी नावाचं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या २००३ मध्ये सापडल्या. १८९१ ते १९०२ या काळातल्या. कुणी, कोणत्या तारखेला, कोणतं पुस्तक नेलं, याच्या नोंदी. बॉल स्टेट विद्यापीठाने ग्रंथालयाच्या साथीने त्यांचा शोधता येईल असा डेटाबेस केला, आणि तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. म्हणजे इतिहासाचा किंवा साहित्याचा विद्यार्थी जगात कुठेही बसून त्यावर काम करू शकतो. विमानाचं तिकीट नको, शिफारसपत्र नको.

यावर आढावेखोर पेपर कसा होईल? ‘एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन वाचकांची अभिरुची’. पहिली पाच मिनिटं ग्रंथालय चळवळीचा इतिहास, मग छापखान्याचा इतिहास, मग लोकप्रिय लेखकांची यादी, त्यात होरेशिओ अल्जर वर असतो हे सांगायचं, कारण त्याच्या मुलांसाठीच्या गोष्टी लोक धडाधड नेत होते. झालं, वेळ संपली. यातलं सगळं आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं आहे.

आता दुसरा रस्ता. डेटाबेसमध्ये एका सभासदाच्या नावावर टिचकी मारा आणि त्याने नेलेली पुस्तकं तारखेप्रमाणे ओळीने वाचा. नुसती वाचा, घाई नको. समजा, एका प्रौढ पुरुषाच्या नावावर एकाच महिन्यात मुलांच्या साहसकथा आहेत, एक भावुक प्रेमकथा आहे आणि मध्येच एक जाडजूड इतिहासग्रंथ. हा एक विचित्र वाचक आहे, की एका कार्डावर आख्खं कुटुंब वाचतंय? आणि तसं असेल तर ‘पुरुष काय वाचत होते, बायका काय वाचत होत्या’ असे जे तक्ते आपण या नोंदींवरून काढतो, त्यांचं काय करायचं?

दिसलं का, प्रश्न कुठून आला? एका यादीत काहीतरी खटकलं, तिथून आला. आता विधान करता येतं: नोंदवहीतला एक सभासद म्हणजे एक वाचक असं धरून चालता येत नाही, आणि हे मी या तीन कार्डांवरून दाखवतो. तीन कार्डं. तीनशे नकोत. तीनशे कार्डांचं काम पीएच.डी.ला ठेवा.

यावर कुणीतरी भुवया उंचावेलच, तीन कार्डांवरून एवढं मोठं बोलता? उंचावू द्या. तुम्ही सबंध शहराबद्दल बोलतच नाही आहात. एक पद्धत कुठे गळते, ते दाखवताय. गळती दाखवायला तीन जागा पुरतात.

आता वेळेचं गणित. साधारण २० मिनिटांचा वाटा असतो, त्यात १५ मिनिटं बोलणं आणि ५ मिनिटं प्रश्न. मराठीत सावकाश, ऐकणाऱ्याला कळेल असं वाचलं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे हातात १५०० ते १८०० शब्द. तुमचा निबंध पाच हजार शब्दांचा असेल तर दोनतृतीयांश कापायचाय. आणि कापायला कुठून सुरुवात करायची ते मी सांगतो: सिद्धान्तापासून.

हो, मला माहितेय, सिद्धान्त मांडला की अभ्यासू वाटतं. पण पहिली चार मिनिटं फूको हा फ्रेंच विचारवंत काय म्हणाला यात गेली तर लोक फूकोची उजळणी करत बसतात, आणि त्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो. फूकोला बोलवायचंच असेल तर कामाला लावा. एखादी संकल्पना आणा, पुराव्यावर ठेवा, तिच्यामुळे काय वेगळं दिसलं ते सांगा. काहीच वेगळं दिसलं नाही तर तिला सुट्टी द्या.

‘वाचायचं की बोलायचं?’ हा प्रश्न हमखास येतो. विज्ञानवाले स्लाइडकडे बघून बोलतात. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांत लिहिलेला पेपर वाचण्याची जुनी रीत आहे आणि माझ्या मते ती टाकून देण्यासारखी नाही. आपल्या विषयांत शब्द कोणता वापरला यावर मुद्दा उभा असतो. तेव्हा बिनधास्त वाचा, पण कानासाठी लिहिलेलं वाचा. निबंधात चालतं ते चार ओळींचं वाक्य तोंडातून निघालं की अर्ध्यातच कर्ता हरवतो. वाक्यं तोडा. अवतरण असेल तर ते पडद्यावर ठेवा आणि वाचून झाल्यावर चार सेकंद गप्प बसा. लोकांना ते डोळ्यांनी परत एकदा वाचायचं असतं.

मुद्दा पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. रहस्यकथेसारखा शेवटासाठी राखून ठेवू नका. १५ मिनिटांचे १३ झाले की सत्राध्यक्ष चिठ्ठी सरकवतात, आणि नेमकं तेव्हा तुमचं रहस्य उलगडायचं राहिलेलं असतं.

गोषवाऱ्याबद्दल एकच. तो संशोधन पूर्ण होण्याआधीच पाठवावा लागतो, त्यामुळे त्यात निष्कर्षाचं वचन देऊ नका, प्रश्नाचं द्या. मध्ये विषय सरकला तर? सरकतोच. सुरुवातीला एक वाक्य टाका, ‘गोषवाऱ्यात म्हटलं होतं त्यापेक्षा मी विषय आवळला आहे’, आणि पुढे चला. कुणीही खोडा घालत नाही.

आणि अजून एक, पटकन. परिषद खरी आहे का ते बघा. अभियांत्रिकीपासून काव्यशास्त्रापर्यंत सगळं एकाच दिवशी, स्वीकृती दुसऱ्याच दिवशी, आणि मेलमध्ये बोलणं फक्त शुल्काचं आणि प्रमाणपत्राचं? सोडून द्या. शंका असेल तर मार्गदर्शकांना विचारा, निवड समितीत कोण आहे ते वाचा.

आता प्रश्नोत्तरं. मला विचाराल तर पूर्ण परिषदेत कमाईची वेळ हीच.

पहिला प्रकार ओळखीचा आहे. एक ज्येष्ठ उठतात, ‘प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे’ म्हणतात आणि तीन मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलतात. घाबरू नका, वाटही बघू नका की प्रश्न येईल. त्यांच्या शेवटच्या वाक्यातला एक मुद्दा उचला, तो तुमच्या पुराव्याशी जोडा, आभार माना.

दुसरा प्रकार: ‘तुम्ही अमक्याचं वाचलंय का?’ नसेल वाचलं तर ‘नाही, नाव लिहून घेतो’ एवढं पुरे. वाचल्याचा आव आणलात तर पुढचा प्रश्न त्याच पुस्तकातून येणार, हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार खरा. तुमचा पुरावा कुणाबद्दल गप्प आहे? मन्सीच्या नोंदींमध्ये १८९२ ते १८९४ या काळातला एक मोठा तुकडा मिळालेलाच नाही. तो का मिळाला नाही आणि त्याने तुमच्या विधानाला धक्का लागतो का, याचं उत्तर आधीच हवं. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच यांनी १९१९ मध्ये काढलेलं ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे पुस्तकांचं दुकान घ्या, त्याला पुस्तकं घरी नेण्याची सोयही होती. त्याच्या नोंदी प्रिन्स्टन विद्यापीठाने ऑनलाइन आणल्या आहेत. हेमिंग्वे, जॉइस, सिमोन द बोव्हार अशी नामवंत लेखक मंडळी तिथली सभासद. पण पुस्तकं नेल्याची कार्डं सगळ्यांची उरलेली नाहीत. मग ज्यांची उरली त्यांच्यावरून त्या काळच्या पॅरिसमधल्या वाचनाबद्दल बोलायचं का? किती बोलायचं? हा प्रश्न सभागृहातून येण्याआधी तुम्हीच पेपरमध्ये दोन वाक्यांत मांडलात, तर समोरच्यांचा तुमच्याकडे बघण्याचा रोख तिथेच बदलतो. विद्यार्थी म्हणून नाही, त्यांच्याच क्षेत्रातलं कुणीतरी म्हणून ऐकायला लागतात.

प्रश्न येतील ते लिहून घ्यायला मित्राला बसवा. तुम्हाला त्या वेळी काहीही आठवणार नाही, कानात नुसती घंटा वाजत असते. त्याच रात्री ती यादी घेऊन पेपर पुन्हा उघडा आणि जिथे प्रश्न आला त्या परिच्छेदाशेजारी तो लिहून ठेवा. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाशी जोडलेलं ‘रीइन्व्हेन्शन’ नावाचं नियतकालिक २००७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांचं संशोधन छापतं, तेही तज्ज्ञांकडून तपासून. असं आणखी कुठे तुमच्या विषयातलं छापतात ते मार्गदर्शकांना विचारा. आणि पाठवताना वाचलेला १८०० शब्दांचा पेपर पाठवू नका, तो ऐकण्यासाठी होता. पाच हजारांचा मूळ निबंध काढा, त्यात ते प्रश्न घाला, आणि कापलेला सिद्धान्त परत आणायचा की नाही ते तेव्हा ठरवा.