तेवढ्या गोळ्या घेऊन या

(दृश्य : हाताचा क्लोजअप. हिरव्या काचेच्या बांगड्या. अंगठ्याचं नख कार्डाच्या प्लास्टिकवर घासतंय.)

कोवळ्या वयात गरोदर राहिलेल्या मुलींच्या नैराश्यावरच्या या फिल्ममध्ये तुम्हाला चेहरे दिसणार नाहीत. हात दिसतील, पाय दिसतील, चपला दिसतील. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अत्याचारग्रस्त अल्पवयीन मुलीची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. आणि तपासणीच्या या रांगेत कोण अठराच्या आत, कोण बाहेर, हे छातीठोकपणे सांगायची आमची तयारी नाही. म्हणून सगळ्याच चेहऱ्यांना रजा.

हा हात सातव्या महिन्यातल्या मुलीचा. कार्डावर वय १९. खिडकीवर ते तिनं सांगितलं नाही, सासूनं सांगितलं. ती सासूला आत्या म्हणते. नवरा वाघोलीकडच्या एका साईटवर सेंटरिंगचं काम करतो. लग्नाआधी तिनं पुणं पाहिलेलं नव्हतं.

(दृश्य : महापालिकेचं प्रसूतिगृह. बाकडी, पंखा, वजनकाटा.)

रांग हलतेय. वजन झालं. बीपी झालं. बोटाला सुई, हिमोग्लोबिन. धनुर्वाताचं इंजेक्शन. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या. सोनोग्राफीची चिठ्ठी. सिस्टरचा हात क्षणभर थांबत नाही, आणि त्यांना नावं ठेवायला आम्ही आलेलो नाही. सकाळच्या गर्दीत त्या जे उरकतात ते बघून आमच्या कॅमेरामनलाच दम लागला. दोन तास आम्ही इथं उभे होतो. या दोन तासांत ‘तुला कसं वाटतंय?’ हा प्रश्न तीनदा ऐकू आला. तिन्ही वेळा उत्तर दिलं ते बरोबर आलेल्या बाईनं.

“पहिलटकरीण आहे. होतं असं.”

(दृश्य : वस्तीतलं डोहाळजेवण. भाड्यानं आणलेला झोपाळा, थर्माकोलचा चंद्र.)

मांडववाल्याकडून झोपाळा आणलाय. फुलांचा कंबरपट्टा, फुलांचे बाजूबंद, हातात धनुष्यबाण. गाणं डीजेचं होतं, आवाज आम्ही कमी केलाय. समोर दोन वाट्या झाकून ठेवल्यात, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. तिनं उजवीकडची उघडली. बर्फी. बाया काय म्हणाल्या ते तुम्हाला ऐकू येणार नाही. हात तेवढा बघा. झाकण अजून हातातच आहे.

डोहाळे हा शब्द आपल्याकडे फार मायेचा. पण त्याच्या पदराखाली काय काय लपतं बघा. जेवत नाही, डोहाळे. रात्रभर टक्क जागी, डोहाळे. भांडी घासता घासता रडते, डोहाळे. चार दिवस कुणाशी बोलली नाही, तरी डोहाळेच. ‘मला डिप्रेशन आलंय’ असं या वस्तीत आम्हाला एकाही मुलीनं सांगितलं नाही. ऐकू आलं ते असं : करमत नाही. जीव घाबरतो. डोकं जड होतं. हातापायातलं गेल्यासारखं वाटतं.

दहावीनंतर शाळा सुटली, मैत्रिणी गावी राहिल्या, मोबाईल नवऱ्याकडे. मूल आत्ता हवं की नंतर, हे तिला कुणी विचारलेलं नाही. विचारतात, असं तिनंही कधी ऐकलेलं नाही.

(दृश्य : फुले वाडा, सकाळचं ऊन. अंगणातली विहीर. आतली बुटकी दारं.)

इथून पंधरा-वीस मिनिटांवर, तेव्हाच्या गंज पेठेत, हा वाडा आहे. आज त्या पेठेला महात्मा फुले पेठ म्हणतात. शाळेच्या सहली विहिरीपाशी थांबतात, फोटो काढतात आणि जातात. आम्ही जरा जास्त थांबलो.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तेव्हा उच्च जातींत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी व्हायचं. नवरा गेला की ती पोर विधवा. केशवपन, एक वेळचं जेवण, अंधारी खोली. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्यानं परवानगी दिली होती, समाजानं नव्हती. अशा मुलीला घरातल्याच कुणाकडून दिवस गेले की तिच्यापुढे विहीर असायची, नाहीतर झाडपाला, नाहीतर जन्मलेल्या बाळाच्या गळ्यावर हात. फुल्यांनी शहरात जाहिराती लावल्या. आशय साधा होता : इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवून जा. १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा दोघांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या.

या दारावर कॅमेरा आम्ही मुद्दाम रेंगाळत ठेवलाय. नैराश्य हा शब्द त्या काळात कुणाच्या तोंडी नव्हता. पण पोटुशी पोर आली की आधी तिला आत घ्यायचं आणि दार लावायचं, एवढं या घराला समजलं होतं. आजच्या दवाखान्यात सगळं आहे. हे दार तेवढं शोधावं लागतं.

(दृश्य : प्रसूतिगृहाचा बोळ. टोकाला छोटी खोली, हिरवा पडदा, आत लाकडी दार.)

एक सापडलं. आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्राची खोली. नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी होते, आणि त्याआधी समुपदेशक तिच्याशी एकटीशी बोलते. रक्तातल्या विषाणूसाठी गुप्तता लागते, हे सरकारला पटलं, म्हणून ही खोली आहे. इथल्या ताईंनी त्याच खोलीत आणखी दहा प्रश्न विचारायला सुरुवात केली.

नैराश्य ओळखायची ही प्रश्नावली १९८७ मध्ये एडिंबरामध्ये तयार झाली. मुळात बाळंतिणींसाठी, आता गरोदरपणातही वापरतात. विचारायचं फक्त गेल्या सात दिवसांचं. हसू येतंय का, पुढच्या गोष्टींची वाट बघावीशी वाटते का, उगाच स्वतःला दोष देतेस का, रडू येतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हिची हुशारी अशी की ही थकवा विचारत नाही, भूक विचारत नाही. गरोदर बाईला ते असणारच. झोपेचं विचारते तेही ‘दुःखानं झोप उडाली का’ असं. म्हणजे डोहाळे बाजूला ठेवून उरतं ते मोजायचं. सर्वसाधारणपणे तेरा किंवा जास्त आले की पुढं पाठवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं ‘हो’ असेल तर बेरीज न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे.

प्रश्न मराठीत सोपे आहेत. अवघड आहे सासूला बाहेर काढणं. “तुम्ही बाहेर थांबा” म्हटलं की संशय येतो. ताईंनी त्यावर उपाय शोधलाय.

“आई, तेवढ्या गोळ्या घेऊन या खिडकीवरून. मी हिचं कार्ड भरते.”

(दृश्य : औषधाच्या खिडकीची रांग. मग बंद दार. दार बराच वेळ.)

आत कॅमेरा नेला नाही, म्हणून तुम्हाला दार दिसतंय. गोळ्यांची रांग त्या दिवशी अकरा मिनिटांची होती.

दार उघडलं. बांगड्यांचा हात. कागदावर बेरीज सोळा.

(दृश्य : ताई फोन लावताना. भिंतीवर १४४१६ चा कागद.)

पुढची वाट ताईंना माहीत आहे. ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, आठवड्याला एकदा याच खोलीत बोलणं, घरून रात्री लावायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६. बहुतेकींना बोलण्यानं उतार पडतो, काहींना औषध लागतं, आणि गरोदरपणात चालतील अशी औषधं डॉक्टर निवडून देतात. बोलणाऱ्या बाईकडे मोठी पदवी लागतेच असं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविकांना हे शिकवलं गेलं. २००८ मध्ये आलेले निकाल सांगतात : बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांच्याकडे त्या सेविका गेल्या त्यांच्यातल्या २३ टक्के बायका नैराश्यानं आजारी होत्या, बाकीच्या गटात ५३ टक्के.

मात्र मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सोप्रमाणे दवाखान्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असो वा नसो. नवरा आत जाईल या भीतीनं कार्डावरचं वय वाढतं, नाहीतर पहिली तपासणीच सातव्या महिन्यात होते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव पोलिसांना देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. बाळ ठेवणाऱ्या मुलीच्या सासरी हे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

नैराश्यावर उपचार झाले नाहीत तर बाळ वेळेआधी येण्याची, वजनानं कमी भरण्याची शक्यता वाढते, बाळंतपणानंतर आईचा आजार चिघळतो, आणि काही मुली जीव देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या.

(दृश्य : कार्डावर पुढची तारीख. हात कार्ड पिशवीत ठेवतो. चपला बोळातून बाहेर.)

आत्या गोळ्या घेऊन आल्या. “काय म्हणाल्या मॅडम?” “काय नाय. पुढच्या बुधवारी बोलावलंय.”

(दृश्य : खोलीत पुढची मुलगी. फक्त पाय, जोडवी नवी.)

ताई हिच्याही बरोबरच्या बाईंना म्हणाल्या, “आई, तेवढ्या गोळ्या घेऊन या.” दार लागलं.

(दृश्य : औषधाची खिडकी. रांग नाही.)

बारा वाजत आले होते. खिडकीपाशी कुणीच नव्हतं. आई दोन मिनिटांत परत आल्या.

तीन प्रश्न झाले होते.