ओसामाला सोपवलं असतं, तर युद्ध टळलं असतं?

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २००१. ११ सप्टेंबरला अमेरिकेवर हल्ले झाले, ते अल-कायदा या संघटनेच्या ओसामा बिन लादेनने घडवले असं अमेरिकेचं म्हणणं, आणि त्याला आसरा तालिबानच्या अफगाणिस्तानात. त्या अफगाणिस्तानवर बॉम्ब पडायला लागून आठवडा झालाय. जलालाबादमध्ये तालिबानचे उपपंतप्रधान हाजी अब्दुल कबीर पत्रकारांना सांगतायत, बॉम्बफेक थांबवा, पुरावा दाखवा, मग ओसामाला तिसऱ्या एखाद्या देशाकडे देण्याबद्दल बोलू. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी त्याच दिवशी विषय संपवला. तो दोषी आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणाले.

यावरून एक थिअरी फिरते. तालिबान द्यायला तयार होतं, अमेरिकेलाच युद्ध हवं होतं. मला ती अर्धीच पटते. कारण कबीर ‘देतो’ म्हणालेच नाहीत. ‘देण्याबद्दल बोलू’ म्हणाले. उसने दिलेले पैसे मागायला गेलं की ‘बसून बोलू ना’ म्हणतात, त्यातली गत.

आणि हे ‘बसून बोलू’ तीन वर्षं चाललं होतं. जून १९९८ मध्ये सौदीचे गुप्तचर प्रमुख तुर्की अल-फैसल ओसामाला मागायला कंदहारला गेले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर तत्त्वतः राजी झाला होता. ऑगस्टमध्ये अल-कायदाने घडवलेले नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी वकिलातींत स्फोट झाले, २२४ माणसं गेली. अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या खोस्तजवळच्या ओसामाच्या तळांवर क्षेपणास्त्रं डागली. सप्टेंबरात तुर्की पुन्हा गेले, तर उमरने त्यांनाच सुनावलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओसामाला द्या म्हणणारा सुरक्षा परिषदेचा ठराव १२६७ आला, पाठोपाठ निर्बंध आले. तालिबान ढिम्म.

त्याच डिसेंबरात आपलं अपहरण झालेलं विमान आयसी-८१४ कंदहारच्या धावपट्टीवर उभं होतं, आठवतंय? प्रवाशांच्या बदल्यात तुरुंगातल्या मसूद अझहर आणि आणखी दोघा दहशतवाद्यांना आपण सोडलं. अपहरणकर्त्यांना तालिबानने पकडलं नाही. दहा तासांत देश सोडा, एवढंच सांगितलं.

आता २० सप्टेंबर २००१ ला या. काबूलमध्ये जमलेल्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, शिफारस केली की ओसामाने आपणहून देश सोडावा, तसं त्याला सांगावं. पुन्हा तेच! पकडून द्या नाही, निघून जा. त्याच दिवशी संध्याकाळी बुश अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले. अल-कायदाचे सगळे म्होरके द्या, तळ बंद करा, तळ आम्हाला तपासू द्या, वाटाघाटी नाहीत. म्हणजे मागणी एका माणसाची उरलीच नव्हती.

उमरने दिलं का नाही? पाहुण्याला शत्रूच्या हाती द्यायचं नाही, ही पश्तूनवली, म्हणजे पश्तून लोकांची पिढीजात रीत, असं सगळे सांगतात. असेलही. पण उलेमांनी त्यातून वाट काढून दिली होती, तीही त्याने घेतली नाही. मला दुसरं कारण मोठं वाटतं. ओसामाचे अरब लढवय्ये तालिबानच्या बाजूने नॉर्दर्न अलायन्स या तालिबानविरोधी आघाडीशी लढत होते. आणि ९ सप्टेंबरला पत्रकार बनून आलेल्या अल-कायदाच्या दोघांनी त्या आघाडीचा सेनानी अहमद शाह मसूदला उडवलं. तुमच्या सगळ्यात मोठ्या शत्रूचा काटा ज्याने काढला, त्यालाच दोन आठवड्यांत बेड्या? १९९६ मध्ये कंदहारला पैगंबरांचा झगा लोकांसमोर धरून अमीर-उल-मोमिनीन, म्हणजे श्रद्धावंतांचा नेता, झालेला माणूस हे स्वतःच्या माणसांना कसं सांगणार?

तिसऱ्या देशाची कल्पना मात्र खुळचट नव्हती. एप्रिल १९९९ मध्ये लिबियाच्या गद्दाफीने स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी विमानस्फोटाचे दोन आरोपी दिले. खटला नेदरलँड्समध्ये, न्यायाधीश स्कॉटिश. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लगेच स्थगित झाले. पण त्याला सात वर्षांहून जास्त घासाघीस लागली. उमरकडे होते ११ सप्टेंबरपासून बॉम्ब पडेपर्यंतचे सव्वीस दिवस. त्या दिवसांत त्याने खरोखर माणूस दिला असता आणि तळ उघडले असते, तर बुशना एवढा पाठिंबा गोळा करणं फार जड गेलं असतं, असं माझं मत आहे. बॉम्ब सुरू झाल्यावरची ऑफर म्हणजे वरातीमागून घोडं.

जाता जाता. इस्लामाबादमधले तालिबानचे राजदूत अब्दुल सलाम झईफ तेव्हा पत्रकारांना एकच सांगायचे, पुराव्याशिवाय ओसामाला देणार नाही. जानेवारी २००२ मध्ये पाकिस्तानने खुद्द झईफनाच अमेरिकेच्या हवाली केलं. ग्वांतानामोतून ते सुटले २००५ मध्ये.