पिस्तुलाची मूठ

(दृश्य: वेंगुर्ल्यातली एक पडवी. बाहेर पावसाची झड. जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेली दोन वल्ही, खुंटीला कानशी आणि पटाश्या. म्हातारे हात कोयत्यात मूठ ठोकतायत.)

या पडवीत मुठी होतात. कोयत्याची, विळ्याची, करवतीची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, वल्ह्याचा हातात धरायचा गोल. सुतारकाकांची रीत एकच आहे. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा हात बघायचा आणि मग लाकूड. जूनमध्ये माझी पंधरा वर्षांची भाची त्यांच्यापुढे हात पसरून बसली, तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोयतो की इळो, गो बाय?"

ती म्हणाली, "पिस्तूल, काकानू."

काकांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

(दृश्य: खुंटीला टांगलेली जुनी ठासणीची बंदूक. मग आंब्याच्या झाडावरचे वानर.)

बंदूक आमच्याकडे नवलाची नाही. वानर आणि डुकरं बागायतीची वाट लावतात, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक इथल्या पुष्कळ घरांत सापडते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर घरी आणायची, हेही अंगवळणी पडलेलं. काकांनी अशा बंदुकांचे दस्ते बसवून दिलेत. पण दस्ता खांद्याला टेकतो. पिस्तुलाला खांदा नाही, दुसरा हातही नाही, सगळा भार एका पंजावर.

आणि हो, कोकणात मूठ म्हणजे करणीसुद्धा, त्यामुळे मुठीबद्दल जपून बोलावं लागतं. "पोरीसाठी मूठ करून घेतोय," असं मी बाजारात म्हणालो, तर मासेवालीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी घाईघाईने "लाकडाची, लाकडाची" म्हणून मोकळा झालो.

(दृश्य: शूटिंग रेंज. पांढऱ्या भिंतीपुढे कागदी टार्गेट. एक हात उचलला जातो, थांबतो.)

भाची खेळते ते १० मीटर एअर पिस्तूल. दाबलेल्या हवेवर चालतं. छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा. टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल अवघा ११.५ मिलिमीटर व्यासाचा, शर्टाच्या बटणाएवढा. पिस्तूल साधारण किलोभराचं. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, आणि ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा भार न सुटता पेलणारा हवा. मोठ्यांच्या स्पर्धेत ६० शॉट असतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात.

आता एक साधा हिशोब. नेम धरायला पिस्तुलावर दोन खुणा असतात, त्यांना साइट म्हणतात. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर असतं. पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यातून एकच मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाच्या जागी सात. त्या एका मिलिमीटरला कारण काय असतं? कधी श्वास, कधी मन. पण पुष्कळदा कारण असतं लाकूड.

भाचीचे शॉट वर्षभर घड्याळातल्या नऊच्या बाजूला जात होते, सगळे डावीकडे. रेंजवर शिकवणारे सर म्हणायचे, ट्रिगर झटकू नकोस. ती रात्री घरी रिकाम्या हाताने ट्रिगर ओढायचा सराव करायची. आई म्हणायची, पोरगी बोट हलवत झोपते.

चूक बोटाची होतीच, पण बोटाला ती करायला लावणारं दुसरंच होतं. रेंजवरचं पिस्तूल सगळ्यांचं. त्याची ग्रिप, म्हणजे मूठ, मीडियम, हिचा पंजा लहान. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या मागे नीट बसवली, तर ट्रिगरपर्यंत पोचायचं ते फक्त बोटाचं टोक. टोकाने ओढलं की उजव्या हाताच्या नेमबाजाचा ट्रिगर सरळ मागे येत नाही, डावीकडे ढकलला जातो. पेराची गादी ट्रिगरवर टेकायला हवी. तिथपर्यंत पोचायला ती नकळत ग्रिप हातात फिरवून घ्यायची. तसं केलं की बोट पोचतं, पण नळी हाताच्या रेषेतून सुटते. मग मनगट वळवून नळी परत टार्गेटवर आणायची. प्रत्येक शॉटला मनगट थोडं वेगळं वळतं, आणि साठ वेळा तेच.

रेंजवरची बाकीची पोरं काय करतात? कुणी सायकलची ट्यूब गुंडाळतं, कुणी चिकटपट्टी. एकाने तर रुमाल बांधला होता. हात मोठा असलेल्यांना तो त्रासच नसतो. ती म्हणतात, "बरं तर आहे की पिस्तूल."

हे "बरं" फसवं असतं. दुकानात पिस्तूल हातात घेतलं की कुणालाही बरंच वाटतं. गुळगुळीत अक्रोडाचं लाकूड, गार धातू, मागे उभा राहून मान डोलावणारा दुकानदार. दोन मिनिटं धरून बरं वाटणं वेगळं आणि चाळिसाव्या शॉटला पंजा पहिल्या शॉटसारखाच त्याच जागी जाऊन बसणं वेगळं. चांगली ग्रिप पहिल्यांदा धरली की थोडी आवळ वाटते, कारण ती हाताला हलायला जागा ठेवत नाही.

लहान हात म्हटलं की लोकांना वजन आठवतं, हीसुद्धा गंमतच. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं, महिलांसाठी म्हणून. वजन अर्धा किलो. त्याची चर्चा झाली ती वजनावर आणि किमतीवर. पण वजन घटलं की गोळीचा झटका हाताला जास्त बसतो, आणि बोट ट्रिगरवर पोचतं की नाही याचा वजनाशी संबंध नाही. माझं आपलं मत, बाईसाठी पिस्तूल करायचं असेल तर आधी फूटपट्टी घ्यावी, तराजू नंतर.

(दृश्य: भाचीच्या खोलीची भिंत. दोन फोटो, वर्तमानपत्रातून कापलेले.)

भिंतीवर दोघी आहेत. एक राही सरनोबत, घाट चढून गेलं की लागणाऱ्या कोल्हापूरची, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवणारी. दुसरी मनू भाकर. टोकियोत ऐन स्पर्धेत मनूचं पिस्तूल बिघडलं होतं. २०२४ ला पॅरिसमध्ये याच १० मीटर एअर पिस्तूलमध्ये तिने कांस्यपदक घेतलं. मी भाचीला हे समजूत घालायला सांगत होतो. ती म्हणाली, "मामा, तिचं पिस्तूल बिघडलं होतं. माझं तर माझं नाहीच आहे."

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. एका ओळखीच्या खेळाडूकडून जुनं घेतलं. ग्रिप स्मॉल, तरी अंगठ्याखाली पोकळ आणि तळहाताला मोठीच. म्हणून मग ही पडवी.

(दृश्य: ग्रिप सुटी, लाकडी पाटावर. काकांचं बोट तिच्यावरून फिरतंय.)

पडवीत आली ती फक्त ग्रिप. एक स्क्रू काढला की ती सुटते. पिस्तूल रेंजवरच्या कुलपाच्या कपाटात राहिलं. काकांनी ग्रिप नाकाशी नेली, वास घेतला आणि म्हणाले, "आमचा नाय लाकूड ह्या." अक्रोड. आपल्याकडे फणस, शिवण, साग. सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यातली फळं होतात ती पांगाऱ्याची. अक्रोडाला काकांची पटाशी कधी लागली नव्हती.

पुढची युक्ती मात्र त्यांचीच. सुतार सरळ रेघ मारायला दोरी कावेत बुडवतो. काकांनी तीच लाल काव भाचीच्या तळहाताला फासली.

"धर. दाबू नको, नुसता धर."

ग्रिप सोडली तर लाकडावर लाल ठसे. जिथे लाल, तिथे हात टेकतो. जिथे कोरं, तिथे पोकळ. करंगळीच्या खाली कोरं होतं, अंगठ्याच्या मुळाशी कोरं. आणि ट्रिगरच्या बोटाच्या बुडाशी लालभडक, म्हणजे नको तिथे. ते बोट लाकडाला घासता कामा नये, नाहीतर ट्रिगर ओढताना अख्खं पिस्तूल हलतं. तेवढ्या जागी काकांनी कानस चालवली.

"लाकूड काढूक येता, परत लावूक येना नाय," हे त्यांचं पालुपद.

"पुट्टी लावूक येता, काकानू," भाची म्हणाली. काकांना ते फारसं रुचलं नाही. पोकळ जागी पुट्टी भरली, ती ओली असताना तिने ग्रिप धरली, बोटांचे साचे पडले. पावसाळी हवा, पुट्टी लवकर कडक होईना. दोन दिवस ग्रिप चुलीपासून हातभर अंतरावर, मांजरापासून लपवून.

घामाचाही विचार करावा लागला. इथे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेले महिने दमट. गुळगुळीत ग्रिप तिसऱ्या शॉटला सरकते. काकांनी बारीक टोच्याने ग्रिपभर टिचे मारले. पाट्याला टाकी लावतात, अगदी तसे.

(दृश्य: रेंज. पिस्तुलाला ग्रिप लावलेली. भाची टार्गेटसमोर, बोट ट्रिगरच्या बाहेर.)

ही परीक्षा सरांची. टार्गेटसमोर उभं राहायचं, हात उचलून नेम धरायचा आणि डोळे मिटायचे. चार श्वास. मग डोळे उघडायचे. साइट जिथे होत्या तिथेच, एका ओळीत असल्या तर ग्रिप हाताची. पुढची साइट एका बाजूला गेलेली दिसली, तर ग्रिप अजून परकी.

पहिल्या दिवशी साइट उजवीकडे गेली होती. पडवीत परत. तळहाताची बाजू थोडी घासली. दुसऱ्यांदा वर गेली, म्हणून पंजाखालचा आधार एक सूत उतरवला. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडले आणि उघडेच ठेवले. काही बोलली नाही. मागच्या खाचेत पुढची साइट मधोमध उभी होती.

सरांनी मग मोजपट्टी काढली. एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या डब्यात बसायला हवं, ग्रिपसकट. आमची पुट्टी ५२ मिलिमीटरवर गेली होती.

(दृश्य: पडवी. काका चष्मा पुसतायत.)

"दोन मिलिमीटर?" काकांनी विचारलं. "खयसून काढू? सगळो हात बसलोहा."

त्यांनी ग्रिप स्वतःच्या मुठीत धरून बघितली. त्यांची बोटं साच्यांत शिरेनात, अंगठा टेकायला जागा नाही, करंगळी बाहेर. त्यांनी ती उलटसुलट केली, पुन्हा भाचीच्या हातात दिली, आणि कावेची वाटी जवळ ओढली.